कोरफडीचे लाड जरा कमीच!

मुलांनो, तुमच्या गॅलरीत किंवा दाराशी जुन्या डब्यात कोरफड आहे ना? मग आजची गोष्ट तुमच्यासाठीच.

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीने आजीच्या अंगणातली कोरफड शाळेत आणली. कुंडी खिडकीत ठेवली. मग काय, जो तो तिची काळजी घ्यायला पुढे! सकाळी एक जण पाणी घाली, मधल्या सुट्टीत दुसरा, शाळा सुटताना तिसरा. मीही 'शाब्बास' म्हणत होते. काही दिवसांनी पानं पिवळी पडली, बुडाशी मऊ झाली. मुलांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी घातलं! शेवटी झाड कलंडलं. उपटून पाहिलं, तर मुळं कुजलेली. ती मुलगी रडायलाच लागली. खरं तर चूक माझी होती. झाडाची ओळख करून न घेताच मी शाब्बासकी दिली होती.

चला, आता ओळख करून घेऊ. कोरफड मूळची अरबस्तानातल्या कोरड्या प्रदेशातली. पाऊस तिथे क्वचित, म्हणून ती जाड पानांत पाणी साठवून ठेवते. पान कापलं की आत दिसतो तो पारदर्शक गर म्हणजे तिची पाण्याची टाकीच! बहुतेक झाडं पानांवरची बारीक छिद्रं दिवसा उघडतात. कोरफड ती रात्री उघडते. त्यामुळे उन्हात तिचं पाणी फारसं उडून जात नाही. काही घरांच्या दारावर ती उलटी टांगलेली असते. ना माती, ना पाणी. तरी कितीतरी दिवस हिरवी राहते. अशा झाडाला रोज तीनदा पाणी! बिचारी करणार काय?

आमच्या कुंडीत एक छोटं पिल्लू मात्र शाबूत होतं. ते अलगद वेगळं केलं, दोन दिवस सावलीत सुकू दिलं आणि मातीत निम्मी वाळू मिसळून लावलं. पाणी आठवड्यानंतरच दिलं. जगलं की हो ते!

तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. कुंडीच्या तळाला भोक हवं, उजेड भरपूर हवा. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली, तर पाणी नको. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवा.

आणि हो, सालीखालून पिवळा, कडू चीक निघतो. तो पोटात गेला तर जुलाब होतात. म्हणून मोठ्यांना विचारल्याशिवाय कोरफड खायची नाही.

आमच्या पिल्लाला आता पाच पानं आली आहेत. पाणी द्यायचं की नाही, हे ती मुलगीच ठरवते. आधी मातीत बोट घालते आणि बहुतेक वेळा म्हणते, "बाई, आज नको!"

आई-बाबा, घरातल्या कुंडीचं हे काम मुलांवर सोपवून पाहा बरं!