आधी कडुलिंब, मग साखर

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. घरोघरी गुढ्या उभारल्या जातील, पंचांगाचे पूजन होईल, संवत्सरफल वाचले जाईल. नव्या वर्षी पर्जन्यमान कसे, हे ऐकण्यास नांदेड-लातूरकडील कुटुंबांचे कान विशेष आतुर असतात. परंतु वर्षाचे फळ केवळ ग्रहांच्याच हाती असते काय?

शके १९३८ चा पाडवा आठवावा. ८ एप्रिल २०१६ रोजी तो आला, तेव्हा लातूर शहरास पाणी पुरविणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदी पुकारावी लागली होती. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, १२ एप्रिलच्या पहाटे, दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून आगगाडी लातुरात आली. मिरजेचे ते ऋण न फिटणारे आहे. त्या संवत्सराचे नाव दुर्मुख होते खरे. पण सारा दोष संवत्सराच्या माथी मारता येत नाही.

२०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. ते आपल्या हाती नव्हते. पडलेल्या पाण्याचे काय करावे, हे मात्र होते. लातूर जिल्ह्यात पावसाची सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास, आणि उसास पाणी लागते सुमारे २,००० मिलिमीटर. ही तूट आपण धरणातून आणि विंधनविहिरींतून भरून काढीत गेलो. ऊस लावणाऱ्यास बोल लावणे सोपे आहे. परंतु उसाला ठरलेला भाव आणि तुरीच्या भावाचा भरवसा नाही, अशा स्थितीत त्याने घेतलेला निर्णय त्याच्या घरापुरता शहाणपणाचाच होता. तोच निर्णय हजारोंनी घेतला, शहरातही अंगणोअंगणी बोअर पडले, आणि सर्वांच्याच विहिरी आटल्या.

कर्मफळाचा विचार आपण एकेकट्याच्या पापपुण्यापुरता करतो. गावाचेही एक संचित असते, आणि त्याचे फळ पुष्कळदा भलत्याच्याच पदरी पडते. हंडा घेऊन रात्र जागणाऱ्या लेकीबाळींनी ऊस लावला नव्हता.

आजच्या दिवशी आधी कडुलिंब चाखावा आणि गुढीवरील साखरेची गाठी मागाहून खावी, अशी आपली रीत. व्यवहारात मात्र आपण साखर आधी खाल्ली आणि कडू घोट पुढच्यांसाठी ठेवला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा धरण भरले. धरण भरले की आठवण आटते, हीच खरी भीती आहे. गोदाकाठी वसलेल्या, विष्णुपुरीच्या पाण्यावर विसंबणाऱ्या नांदेडकरांनीही निश्चिंत राहू नये. उसास ठिबक, छतावरचे पाणी जमिनीत, नळाची तोटी घट्ट, आणि नवे बोअर घेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार : एवढा कडुलिंब प्रत्येक घराने आज स्वखुशीने स्वीकारावा. गाठीची गोडी मग मुलाबाळांसही लाभेल.

वाचकांस नूतन संवत्सर सुखसमृद्धीचे जावो!