राजभवनातील जागता पहारा

राज्यपालपद म्हणजे उतारवयातील सन्माननीय विश्रांती, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. लेफ्टनंट जनरल श्रीनिवास कुमार सिन्हा यांनी ती खोटी ठरविली. आसाम (१९९७-२००३) आणि जम्मू-काश्मीर (२००३-२००८) अशा दोन सीमावर्ती राज्यांचे राज्यपालपद त्यांनी सांभाळले.

ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरच्या रक्षणासाठी विमानाने सैन्य धाडण्यात आले. त्या मोहिमेच्या आखणीत तरुण सिन्हा होते. १९८३ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून लष्करप्रमुखपद जनरल अरुण वैद्य यांना देण्यात आले. तेव्हा उपप्रमुख असलेल्या सिन्हांनी कसलाही गाजावाजा न करता गणवेश उतरविला. १९८४ मध्ये पाटण्यातून अपक्ष म्हणून लोकसभा लढविली आणि ते हरले. पुढे नेपाळमध्ये ते भारताचे राजदूत झाले.

संयुक्त आघाडीच्या सरकारने त्यांना गुवाहाटीला पाठविले. तेथे नोव्हेंबर १९९८ मध्ये त्यांनी बांगलादेशातून होणाऱ्या घुसखोरीविषयी सविस्तर अहवाल राष्ट्रपतींना सादर केला. संशयिताचे परकीयत्व सिद्ध करण्याचा भार शासनावर टाकणारा १९८३ चा कायदा रद्द करावा, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सुचविले. राज्यपालाने या वादात पडू नये, अशी टीका झाली. मात्र १२ जुलै २००५ रोजी सर्वानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने याच अहवालाचा आधार घेतला आणि तो कायदा घटनाबाह्य ठरविला. तोवर सिन्हा आसाम सोडून गेले होते. त्यांचा कागद मात्र कामी आला.

आसामचा पराक्रम देशाला ठाऊक व्हावा, हाही त्यांचा ध्यास होता. सराईघाटला १६७१ मध्ये मोगलांना परतविणाऱ्या लाचित बरफुकन यांच्या नावाचे सुवर्णपदक खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्कृष्ट छात्राला दिले जाते, ते त्यांच्याच पुढाकाराचे फळ.

काश्मीरमध्ये मात्र शेवट कटू झाला. अमरनाथ यात्रेकरूंच्या तात्पुरत्या निवाऱ्यासाठी मे २००८ मध्ये सुमारे ४० हेक्टर वनजमीन देवस्थान मंडळाला देण्याचे ठरले. राज्यपाल या नात्याने सिन्हा मंडळाचे अध्यक्ष होते. खोऱ्यात आंदोलन पेटले. सिन्हा निवृत्त होताच, १ जुलैला, सरकारने तो निर्णय मागे घेतला. मग जम्मू रस्त्यावर उतरले. अखेर ऑगस्टअखेरीस यात्राकाळापुरती ती जमीन वापरण्यास मान्यता मिळाली.

१७ नोव्हेंबर २०१६ रोजी वयाच्या नव्वदीत सिन्हा निवर्तले. राज्यपालाच्या हाती सत्ता थोडी असते. पण सत्य वेळेवर आणि निर्भयपणे लिहून ठेवण्याचा अधिकार पूर्ण असतो. तो वापरणारे राज्यपाल किती, हाच खरा प्रश्न आहे.