विश्लेषण : सफरीची बोट आरामाची हवी की साधी?

कर्जत-खालापूरला समुद्र नाही. पण खोपोलीची पाताळगंगा धरमतरच्या खाडीलाच मिळते. इथल्या कुणाला शिडाची बोट घेऊन किनाऱ्याने सफर करायची असेल, तर पहिला प्रश्न हाच पडतो.

आरामाची किंमत काय?
फ्रीज, एसीला वीज लागते. विजेसाठी बॅटऱ्या, जनरेटर, डिझेल. खाऱ्या हवेत हे सारे गंजते. बोट किनाऱ्यावर आणि मालक कर्जतला, म्हणजे सुट्टी सफरीऐवजी दुरुस्तीतच जाणार.

अनुभव काय सांगतो?
मुंबईत बांधलेल्या ‘सुहेली’ या ३२ फुटी सागवानी बोटीतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत रेडिओ बंद पडला, स्वयंचलित सुकाणू मोडले. तरी नऊ स्पर्धकांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच.

मग सोयी नकोतच का?
तसे नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने प्रदक्षिणा केली, ती ५६ फुटी आणि आधुनिक उपकरणांची होती. मात्र गोव्यात ती बांधली जात असताना ते स्वतः त्या कामात होते.

निवड कशी करावी?
कोरडे अंथरूण, सावली, गरम जेवण ही चैन नव्हे. थकलेला माणूस समुद्रात चुका करतो. बाकी प्रत्येक सोयीला एकच कसोटी : ती बंद पडली तर आपल्याला दुरुस्त करता येईल का, किंवा तिच्याविना बंदर गाठता येईल का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती बोट कितीही देखणी असो, आपली नव्हे.