ईशान्य भारतीयांचे दिल्लीतील परकेपण

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेला माणूस आणि अरुणाचल प्रदेशातून आलेला माणूस, दोघेही राजधानीत परप्रांतीयच. मराठी माणसाच्या हिंदी उच्चारांना कोणी हसतही असेल. परंतु तो भारतीय आहे काय, अशी शंका कोणी घेत नाही. ईशान्येकडील तरुणाला मात्र भाड्याचे घर शोधताना, बाजारात, मेट्रोत केवळ चेहऱ्यामुळे या शंकेला सामोरे जावे लागते. त्यापासून आपोआप मिळणारी सुटका हाच इतरांचा विशेषाधिकार होय. तो उपभोगणाऱ्यास सहसा जाणवत नाही.

२९ जानेवारी २०१४ रोजी लाजपत नगरमधील एका दुकानात निडो तानिया या अरुणाचली विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल करण्यात आली. वाद वाढून त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर केंद्र सरकारने एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वंशावरून अवमान करणाऱ्यांसाठी दंड संहितेत स्वतंत्र कलमे असावीत, अशी शिफारस समितीने जुलै २०१४ मध्ये केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, वंशाच्या कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येसाठी तरतूद आहे. समितीने सुचवलेली कलमे मात्र त्यात नाहीत. निडोच्या बाबतीत प्रारंभ टिंगलीनेच झाला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

अवमानाचा भार अनेकदा सोसणाऱ्यावरच टाकला जातो. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील रहिवाशांसाठी काढलेल्या पुस्तिकेत, बांबूचे कोंब, अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवावेत, तसेच अंगप्रदर्शन करणारे कपडे टाळावेत, असा सल्ला होता. शेजाऱ्यांनी कसे वागावे, यासाठी अशी पुस्तिका निघाली नाही. मार्च २०२० मध्ये याच नागरिकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले जाऊ लागले, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना कारवाईची सूचना द्यावी लागली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, त्यामागेही हाच पूर्वग्रह होता.

दक्षिण आफ्रिकेतील वंशभेदाच्या निषेधार्थ १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी व्यापारी संबंध तोडले होते. हा वारसा सांगताना स्वतःच्या वसाहतीत घर कोणाला नाकारले जाते, याची विचारपूस कमी होते. कायद्यातील त्रुटी संसद दूर करू शकेल. परंतु घरमालक, दुकानदार व सहप्रवासी यांनी आपला पूर्वग्रह मान्य केल्याखेरीज रोजचा अवमान थांबणार नाही. दिल्लीतील मराठी माणूसही या जबाबदारीतून मुक्त नाही.