विश्लेषण : सीलच्या पिल्लांना ताल कसा कळतो?

युरोपच्या वायव्य किनाऱ्यावरील वाडन समुद्रात ओहोटी लागली, की उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यांवर हार्बर सीलच्या माद्या पिल्लांसह विसावतात. सील हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. मादी पिल्लाला जेमतेम तीन-चार आठवडे पाजते. एवढ्यात चुकामूक झाली, तर पिल्लू हाका मारत राहते. आईने त्या ओळखल्या नाहीत, तर उपासमार ठरलेली. शेजारची पिल्लेही ओरडत असताना हाक कशी आहे, याइतकेच ती कधी दिली हेही महत्त्वाचे. एका पिल्लाला दुसऱ्याच्या हाका ऐकवल्या असता, ते त्यांच्यावर आवाज न चढवता मधल्या खंडात साद देत असल्याचे दिसले. अर्थात हे निरीक्षण एकाच पिल्लाचे.

मोठा प्रयोग कोणता?

नेदरलँड्समधील पीटरबुरेनच्या केंद्रात आजारी आणि आईपासून दुरावलेल्या पिल्लांना बरे करून समुद्रात सोडले जाई. तेथील २० लहान सीलना संशोधकांनी सीलच्याच आवाजांच्या ध्वनिफिती ऐकवल्या. काही संथ, काही जलद. काही आखूड, काही लांब. काही ठेक्यात, तर काही बेताल. पिल्ले आवाजाच्या दिशेने किती वेळा वळून पाहतात, एवढेच मोजले. तान्ह्या बाळांवरील प्रयोगांतही हीच युक्ती वापरतात. जलद, लांब आणि ठेक्यातील आवाजांकडे पिल्ले अधिक वळली. ना शिकवणी, ना माशाचे आमिष. हे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

माणसाशी संबंध काय?

ऐकून स्वतःचा आवाज बदलणे फार थोड्या सस्तन प्राण्यांना जमते. आपले जवळचे नातलग असलेले वानर यात कच्चे, सील मात्र पक्के. याच केंद्रातील एक ते तीन आठवड्यांच्या आठ पिल्लांना समुद्राचा गोंगाट ऐकवला, तेव्हा तो वाढताच त्यांनी आवाजाची पट्टी खाली आणली. असे आवाज घडवणारे प्राणीच ताल पकडू शकतात, असा एक सिद्धान्त आहे. हार्बर सील त्यात चपखल बसतात. पण कॅलिफोर्नियातील रोनन ही सी-लायन मादी ठेक्यावर अचूक मान डोलावते, आणि सी-लायन आवाज शिकतात याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय मान वळवणे म्हणजे फरक कळणे. ठेका धरणे नव्हे. पिल्लांची ती परीक्षा या प्रयोगात झालेलीच नाही.