लेकीचा उन्हाळी परकर

चैत्र लागला की वारणेकाठची हवा बदलते. उसाला पाणी पाजून परतणाऱ्याचा सदरा पाठीला चिकटतो, आणि इकडे कोडोलीहून वारणानगरला कॉलेजात जाणाऱ्या लेकी आईच्या मागे लागतात, "मला लिननचा लाँग स्कर्ट पाहिजे, भरतकाम केलेला." आई म्हणते, "म्हणजे परकरच की!" लेक म्हणते, "परकर नव्हे गं, लाँग स्कर्ट!" भगिनींनो, दोघींचेही खरे आहे. बेत परकराचाच, फक्त कापड नवे आणि नाव नवे. तेव्हा हा परकर घरच्या मशीनवर कसा शिवावा आणि कापड घेताना कुठे फसगत होते, ते आज पाहू.

लिनन म्हणजे आपले जवस

जवसाची चटणी आपल्या घरात असतेच. त्याच जवसाच्या ताटापासून निघणारा धागा म्हणजे लिनन. बियांसाठी आपण पेरतो ते जवस बुटके आणि फांद्या फुटणारे असते. धाग्यासाठी उंच, सरळ वाढणारे वाण दाट पेरतात. अंबाडी कुजत घालून तिचा वाक काढतात, तशीच ही ताटे कुजवून, कुटून आणि विंचरून धागा मोकळा करतात. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये या पिकाची मोठी शेती होते. पश्चिम बंगालमध्ये रिश्रा येथे जयश्री टेक्स्टाइल्सचे लिनन तयार होते, पण त्यासाठी लागणारा माल बहुतेक बाहेरदेशातून येतो. म्हणून शुद्ध लिनन महाग पडते, आणि म्हणूनच त्यात कापसाचे सूत किंवा व्हिस्कोस मिसळून 'लिनन ब्लेंड' कापड विणतात.

ही भेसळ नव्हे. कापसाची जोड मिळाली की लिननचा ताठरपणा कमी होतो, चुण्या कमी पडतात आणि किंमतही आवाक्यात येते. मात्र जोड कशाची आहे, ते विचारलेच पाहिजे.

घाम कोण टिपते?

वेगवेगळे धागे पूर्ण सुकवून मध्यम दमट हवेत ठेवले, तर ते हवेतला ओलावा आपोआप ओढून घेतात. एक किलो कापूस सुमारे ८५ ग्रॅम ओलावा घेतो, लिनन १२० ग्रॅम, व्हिस्कोस १३० ग्रॅम, आणि पॉलिएस्टर अवघा ४ ग्रॅम! उन्हाळ्यात पॉलिएस्टरच्या कपड्यात घामोळे का येते, हे या आकड्यांवरून ध्यानात येईल. घाम कापडात शिरत नाही, अंगावरच राहतो.

बाजारात 'लिनन लूक', 'लिनन फिनिश' अशा नावांचे कापड मिळते. दिसायला तेच जाडे-बारीक धागे, पण कित्येकदा सारे पॉलिएस्टर. म्हणून कापडाच्या काठावरचा किंवा ताग्यावरचा मजकूर वाचा. ५५ टक्के लिनन आणि ४५ टक्के कापूस किंवा व्हिस्कोस असे असेल तर निर्धास्त घ्या. मजकूर नसेल तर दुकानदाराकडून चिंधी मागून आणा. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका, थोडे चोळा. थेंब तसाच घरंगळला तर शंका घ्या. मग दोन-चार धागे चिमट्यात धरून घराबाहेर पेटवून पाहा. कागदासारखे जळून मऊ राख झाली तर सूत, लिनन किंवा व्हिस्कोस. वितळून टोकाला कडक मणी धरला तर पॉलिएस्टर. लिनन आणि कापूस यांच्यातला फरक मात्र या परीक्षेत कळत नाही.

आणि लिनन परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला, तेव्हापासून ते गाव सुती कापडासाठी ओळखले जाते. चांगले सुती केंब्रिक किंवा पॉपलिन उन्हाळ्यात कुठेही कमी पडत नाही. नाव लिनन आणि सूत पॉलिएस्टर, यापेक्षा ते शतपटीने बरे.

कापड आणि बेत

कमर २६ इंच आणि उंची ३६ इंच असेल, तर ४४ इंच पन्ह्याचे पावणेतीन मीटर कापड घ्या. बेतण्याआधी ते रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. लिनन आणि सूत दोन्ही आटतात. शिवल्यावर आटले तर परकर पोटऱ्यांवर येईल!

उंची ३६, खालच्या दुमडीचे ३ आणि वरच्या शिलाईचा १ मिळून ४० इंचांचे दोन पूर्ण पन्हे कापा. दोन्ही बाजूंनी जोडले की शिलाई वजा जाता ८० इंचांहून जास्त घेर मिळतो. चालायला, एसटीची पायरी चढायला तेवढा पुष्कळ होतो. कमरपट्टीसाठी ५ इंच रुंद आडवी पट्टी काढा. उरलेल्या कापडातून खिसे निघतील. खिसा जरूर ठेवा. बसचा पास आणि चार पैसे मुलीच्या हाताशी राहतात.

फिकट रंगाला अस्तर लागते. शिंप्याकडे बहुधा चकचकीत पॉलिएस्टरचे अस्तर लावून देतात. तसे केले तर वरचे महागाचे लिनन काय कामाचे? अंगाला लागते ते अस्तरच. म्हणून मलमल किंवा पातळ सुती कापड लावा. ते गुडघ्याच्या थोडे खाली आले तरी पुरे. तेही आधी भिजवून घ्या.

नाडीपासून सावध

आता महत्त्वाची गोष्ट. आपण वर्षानुवर्षे परकराची बारीक नाडी एकाच जागी करकचून बांधतो. कमरेला काळा वळ पडतो, खाज सुटते, उन्हाळ्यात घामाने कातडी सोलवटते, आणि आपण दुर्लक्ष करतो. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील डॉक्टरांनी इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेला कपडा करकचून बांधण्याच्या जागी जखम झाली, ती भरेना, आणि शेवटी तिचा कर्करोग निघाला.

घाबरून जाऊ नका, असे क्वचितच घडते. पण उपाय सोपा असताना दुखणे का ओढवून घ्यावे? लेकीच्या परकराला नाडीऐवजी दोन इंच रुंद पट्टी शिवा आणि तीत रुंद इलॅस्टिक घाला. दोन बोटे सहज आत जावीत इतपतच ते आवळ असावे. पाच इंचांची पट्टी दुमडली की बरोबर तेवढी जागा होते. हीच पट्टी आपल्या साडीखालच्या परकरालाही लावा. नाडीच ठेवायची तर चपटी, रुंद ठेवा, रोज जागा थोडी वर-खाली करा आणि घरी आल्यावर सैल करा. कमरेवरची जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंची कमरही एकदा पाहा. त्या आपणहून सांगणार नाहीत.

भरतकाम : कशिदा

विकतच्या स्कर्टवर मशीनचे भरतकाम असते आणि त्यामागे टोचणारा कागदी थर असतो. घरी हाताने काढलेले मऊ राहते. लिननवर सर्वांत शोभतो तो धारवाड-हुबळीकडचा कशिदा, ज्याला कानडीत कसुती म्हणतात. कानडी मुलखात नवरीच्या काळ्या साडीवर तो काढण्याची चाल आहे. तुमच्या आजीच्या पेटीत असा कशिदा काढलेले इरकल असेल, तर तेच नमुना म्हणून समोर ठेवा.

यात छापा लागत नाही, कापडाचे धागे मोजून टाके घालतात. लिननचे धागे ठळक असल्याने मोजणे सोपे जाते. टाके चार प्रकारचे. गवंती म्हणजे जाताना धावदोरा घालायचा आणि परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मुरगी हा तसाच, पण पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा. नेगी विणल्यासारखा दिसतो. मेंथी म्हणजे फुलीचा टाका. गाठ कुठेच मारायची नाही. टोके टाक्यांखाली दडवायची.

गोपूर, रथ, हत्ती, कमळ, तुळशीवृंदावन असे याचे नमुने असतात. खालच्या दुमडीच्या वर चार इंचांचा एकच पट्टा काढा. बसण्याच्या जागी नको, तिथे घासून दोरे तुटतात. सहा पदरी सुती दोऱ्याचे दोनच पदर घ्या. लाल व काळा दोरा आधी ओला करून पांढऱ्या चिंधीवर दाबून पाहा. रंग सोडत असेल तर वापरू नका. पट्टा दोन्ही पन्हे जोडण्यापूर्वीच काढावा, म्हणजे कापड मांडीवर सपाट राहते.

वापरताना

परकर घोट्याच्या वर चार बोटे राहू द्या. गाडीवर मागे बसताना घेर आवरून मांडीखाली घ्या. साखळीत आणि चाकात अडकून होणारे अपघात फार वाईट असतात. कडबाकुट्टी आणि मळणी यंत्राजवळ तर घोळदार कपडा घालून मुळीच जाऊ नये. चुलीपाशीही घेर खोचून बसा. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते, सूत-लिनन चिकटत नाही, पण पेट लवकर घेते.

धुताना साधे थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा. धोपटू नका, पीळही घालू नका. दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करा. घडी दर वेळी त्याच रेघेवर घालू नका, नाहीतर लिननचा धागा तिथे तुटतो. जोतिबाच्या यात्रेत गुलाल पडणारच. घरी आल्यावर कपडा आधी कोरडाच अंगणात झटका, मगच भरपूर थंड पाण्यात टाका. गरम पाणी घातले की तो रंग पक्का बसतो.

पावणेतीन मीटरमधून बेत नीट केला, तर हातभर कापड उरतेच. धाकटीच्या झबल्यासाठी ते जपून ठेवा. त्याचा बेत पुढच्या खेपेस देऊ.