गोळीलाही त्रिकोण हवा

फवारणीच्या औषधाचा डबा घेताना आधी त्यावरचा त्रिकोण पाहा, लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे आम्ही सभांतून सांगत आलो. पंपाला किती मिली टाकायचे, हेही आता शेतकरी विचारून घेतो. मग तापाची गोळी मात्र किराणा दुकानातून सुटी आणून, काही न विचारता आपण कशी गिळतो?

ॲस्पिरिनचेच घ्या. डिस्प्रिन, इकोस्प्रिन ही तिचीच नावे. ती दुखणे थांबवते, ताप उतरवते, पण रक्त गोठण्याची क्रियाही मंदावते. हा परिणाम आठवडाभर राहतो. तिचा गुण इथेच आहे आणि धोकाही इथेच.

श्रावण-भादव्यात निंदण अंगावर आलेले असते. रोज बुडू नये म्हणून बाया तापातच गोळी खाऊन शेतात जातात. तो ताप डेंग्यूचा निघाला तर? डेंग्यूत रक्तस्रावाची भीती आधीच असते, ॲस्पिरिन ती वाढवते. म्हणून तापाचे कारण कळेपर्यंत पॅरासिटामॉल घ्यावी, पाणी भरपूर प्यावे आणि रक्त तपासून घ्यावे. लेकरांना तापात ॲस्पिरिन देऊच नये. घोणस किंवा फुरसे चावले तर दुखते म्हणूनही ती देऊ नये. त्या विषाने रक्त आधीच गोठेनासे होते. पोटात अल्सर असेल, दम्याच्या माणसाला या गोळीने धाप लागत असेल, तर तिच्यापासून दूरच राहावे. उपाशीपोटी किंवा दारूवर ती घेणे म्हणजे पोटातून रक्त जाण्याला आमंत्रण.

पण हीच गोळी जीवही वाचवते. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर १०८ ला फोन करावा आणि त्यांना विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. वर सांगितलेला त्रास असणाऱ्यांनी मात्र नाही. गोळी ही वाटेतली मदत, खरा उपचार दवाखान्यातच. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅमची गोळी लावून दिली असेल, तर ती मनाने बंद करू नये. शेजाऱ्याचे पाहून मनाने सुरूही करू नये.

यात शेतकरी अडाणी म्हणून आम्ही त्याला बोल लावणार नाही. कापून दिलेल्या सुट्या गोळीवर नावसुद्धा उरत नाही. पाकिटावर असते ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. विषाच्या डब्याला रंगाची खूण आहे, माणसाच्या औषधाला का नसावी? प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हे मराठीत ठळक लिहा, अशी मागणी या जिल्हा बैठकीत करावी, असे आमचे म्हणणे आहे. आणि तोवर नाव वाचता येईल अशीच गोळी मागून घ्यावी.